गाळ तुमचंच ऐकायचा, मिस्त्री

मिस्त्री, तुम्ही आणून दिलेला पपईचा देठ अजून माझ्या टेबलावर दौतीशेजारी पडलेला आहे. वाळून पिवळा झालाय आणि मधोमध चीर गेलीय, आता त्यातून पाणीसुद्धा धड जायचं नाही. टेबल आवरताना सुमतीनं तो दोनदा उचलला आणि दोनदा परत जागेवर ठेवला. तिनं काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. आमच्या घरात तुमच्याबद्दल गेलं वर्षभर असंच चाललंय.

तुम्हाला जाऊन आज सात दिवस झाले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चार बरे शब्द लिहितात, तसं लिहायला मी बसलो नाही. मी तुमच्याविषयी एकदा लिहिलंय आणि ते काय होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक होतं हे मात्र मला परवा कळलं. म्हणून हे आता मराठीत लिहितोय, तुमच्या झरीच्या शाळेतले मास्तर तुमच्या लेकीला वाचून दाखवतील असं.

मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी परभणीला बदली झाली. मी पुण्याकडचा, ओव्हरसियरचा दाखला खिशात आणि नाकावर माशी बसू देत नसे. कचेरीत जुने नकाशे सगळे उर्दूत. कुठल्या तलावाची मोरी कुठं आहे, कुठली पाळ कधी बांधली, काही म्हणता काही कळेना. तेव्हा कारकुनानं तुम्हाला पुढं केलं. डोक्याला पांढरं पागोटं, गुडघ्यापर्यंत धोतर, हातापायांच्या बोटांच्या पेरांत कायमची बसलेली माती. तुम्ही निजामाच्या वेळेपासून तामीरात म्हणजे बांधकामात मिस्त्री होता. नकाशा उलटा धरून बघणाऱ्या माझ्या हातातून तुम्ही तो हळूच सुलटा केलात आणि उजवीकडून डावीकडं वाचायला लागलात. मला ओशाळं वाटायला हवं होतं. मला राग आला.

तुमची मराठी ऐकून मी हसायचो हेही कबूल करून टाकतो. 'पाणी झिरपायलाय' म्हणालात की मी मुद्दाम 'झिरपतं आहे' असं म्हणून दाखवायचो. तुम्ही मान हलवून म्हणायचात, "तुमी म्हनता तसं बी झिरपायलाय." सुमती पदर तोंडाला लावायची.

झरीच्या अलीकडं जो तलाव आहे, त्याच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, गळती होती. पाळीच्या पोटात कुठंतरी वाटा पडलेल्या आणि खालच्या शेतांत उन्हाळ्यातही दलदल. उपाय ठरलेला होता. पाळीवर ठरावीक अंतरानं खोल भोकं पाडायची आणि त्यांतून चिकणमातीचा गाळ आत सोडायचा, म्हणजे तो वाटा शोधत जाऊन बसतो. उंच मचाणावर गाळाचं पिंप, पिंपाला नळ, नळ पाळीवरून आडवा जाऊन भोकात उतरलेला. काम साधं दिसतं. गाळ कालवायचं तुमच्याकडं होतं. माती चाळणीतून काढायची, दोन दिवस भिजवायची, पायांनी तुडवायची आणि मग तुम्ही त्यात हात बुडवून वर काढायचात. नखं दिसली तर पातळ, बोटांच्या रेषा बुजून नखांचा नुसता उठाव दिसला तर बरोबर. मी वजनं करून, माती किती आणि पाणी किती ते लिहून घेतलं होतं. तुमचा हात आणि माझा तराजू कधी फारसे वेगळे निघाले नाहीत. त्याचंही मला वाईटच वाटायचं.

भांडण झालं ते नळावरून. भांडारात एक इंची नळ भरपूर होते, दोन इंची मागवायला लागले असते. मी पुस्तक उघडलं. नळातून पाणी जाताना त्याचा दाब वाटेत कमी होत जातो, तो किती कमी होईल याचे तक्ते त्यात असतात. नळ लांब असला तर घट जास्त, बारीक असला तर जास्त, वेग वाढवला तर जास्त. आपल्याला तर गाळ अगदी संथ सोडायचा होता. तेवढ्या संथ पाण्याला तक्त्यात बोटभरसुद्धा घट नव्हती. गाळ पाण्यापेक्षा दाट, म्हणून मी ती चौपट धरली आणि निर्धास्त झालो. जवळजवळ काहीच नाही त्याची चौपट केली तरी जवळजवळ काहीच नाही, हे कागदावर इतकं छान दिसत होतं!

तुम्ही कागदाकडं पाहिलंच नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता, परभणीचा बाजार करून तुम्ही माझ्या घरी आलात. पिशवीत पपईचे दोन देठ, एक अंगठ्याएवढा जाड आणि एक करंगळीहून बारीक, आणि नारळाच्या दोन करवंट्या. सुमतीकडून तुम्ही भिजवलेली कणीक मागितलीत आणि ज्वारीची आंबील आहे का विचारलंत. करवंट्यांना तळाशी भोकं पाडून त्यांत देठ बसवले, कणकेनं लिंपले. आधी पाणी ओतलंत. जाड देठातून भळाभळा गेलं, बारीक देठातून थेंब थेंब, पण गेलं. मग आंबील ओतलीत. जाड देठातून ती सावकाश सरकत खाली आली. बारीक देठाच्या तोंडाशी आली आणि तिथंच उभी राहिली. आपण दोघं, नाही, तिघं बराच वेळ तिच्याकडं बघत बसलो. एक थेंब पडला नाही.

मी म्हणालो, आंबिलीत कण्या असतात, त्या अडकल्या असतील.

सुमती म्हणाली, "गाळून दिली होती मी."

मग तुम्ही जे बोललात ते मी त्या दिवशी कानाआड केलं, पण ते विसरलो नाही. "पाणी कसं हाय साहेब, थोडं ढकललं तर थोडं जातंय, लय ढकललं तर लय जातंय. गाळाचं तसं न्हाई. थोडं ढकललं तर तो अजाबात हालत न्हाई. आदी त्याला उठवावं लागतंय. एकदा उठला का मग लय जोर लागत न्हाई. पर मधी बसू द्यायचा न्हाई. बसला का पुन्यांदा पयल्यापरीस जास्त जोर लागतोय."

मी तुम्हाला सांगितलं की पातळ केला की गाळ म्हणजे पाणीच, आणि आंबिलीवर धरणं बांधत नाहीत. तुम्ही देठ धुऊन घेतलेत. बारीक देठ माझ्या टेबलावर ठेवून म्हणालात, ऱ्हाऊ द्या इथं. सुमतीनं दिलेला चहा पिऊन गेलात. त्या दिवशी मी तुम्हाला एकदा तरी विचारायला हवं होतं की हे तुम्ही कुठं शिकलात. आज विचारून उपयोग नाही, पण विचारावंसं वाटतं. कुणाच्या हाताखाली, कुठल्या पाळीवर, किती नळ तुंबल्यावर?

नळ एक इंचीच बसला. आणि खरं सांगायचं तर तो चालला! पहिला दिवस चालला, दुसरा दिवस चालला. मी तुम्हाला दिवसातून चारदा 'बघा' म्हणायचो आणि तुम्ही म्हणायचात, "चाललाय खरा. थांबवू नका म्हंजे झालं." तो का चालला हे मी डोळ्यांनी बघत होतो आणि मला दिसत नव्हतं. दिवसभरात तुम्ही पिंप कधी रिकामं होऊ देत नव्हतात आणि नळाचा कॉक, म्हणजे तोटी, कधी बंद करू देत नव्हतात. संध्याकाळी शेवटचं पिंप संपवून नळ धुऊन ठेवायचात. माणसं पाळीपाळीनं भाकरी खायची. एक जण वर पिंपात वल्ह्यासारखं लाकूड फिरवत उभा, आणि तुम्ही स्वतः लाकडी मोगरी घेऊन नळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके हलके ठोकत फिरायचात. याला तुमच्यात म्हणायचे गाळ जागा ठेवणं. मी त्याला मनातल्या मनात जुन्या लोकांचा चाळा म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीपची धूळ दिसली. डेप्युटी साहेब दौऱ्यावर आले होते.

आमच्या खात्याची रीत तुम्हाला सांगायला नको. साहेब आले की काम थांबतं. माणसं हातातलं टाकून रांगेत उभी राहतात, हार होतो, चहा होतो, साहेब चार शब्द बोलतात, मग सगळं पुन्हा सुरू होतं. मातीकामात चालतं हे. घमेलं खाली ठेवलं तरी माती कुठं पळून जात नाही. मी ओरडून सगळ्यांना खाली बोलावलं आणि कॉक बंद करायला सांगितलं. तुम्ही मोगरी हातात तशीच धरून माझ्याजवळ आलात आणि हळू आवाजात म्हणालात, "साहेब, येवढं टिपाड संपू द्या. अर्धा घंटा. मग बंद करा." मी म्हणालो, साहेबांच्या कपड्यांवर उडेल. तुम्ही म्हणालात, मग साहेबांना लांब उभं करा. तुम्ही असं म्हणालात, ते दोन मजुरांनी ऐकलं आणि ते हसले. तेवढं पुरे झालं. मी स्वतः जाऊन कॉक फिरवला.

अर्धा तास म्हणता म्हणता सव्वा तास गेला. साहेबांना नवीन राज्याविषयी बोलायचं होतं. उन्हात उभे राहून सगळ्यांनी ते ऐकलं. तुमची नजर सारखी नळाकडं जात होती, आणि मी डोळे वटारून तुम्हाला पुढं बघायला लावत होतो. मग साहेब म्हणाले, चला, दाखवा तुमचं काम.

मी कॉक उघडला. नळाच्या दुसऱ्या टोकातून काही आलं नाही. पिंप भरलेलं, मचाण तेवढंच उंच, गाळ सकाळचाच. तुम्ही मोगरी घेऊन धावलात, मी पिंपाखाली फळ्या घालून ते आणखी हातभर उचलायला लावलं. काही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तुम्ही म्हणालात, नळ सोडवून धुवावा लागंल, आज काई हुनार न्हाई. माझं तोंड तापलं होतं. दाबपंप आणवला, नळाला जोडला आणि दोन माणसं दांड्यावर बसवली. तुम्ही माझा हात धरलात, मिस्त्री. ओव्हरसियरचा हात मिस्त्रीनं धरायचा नसतो, तरी धरलात. मी झिडकारला.

पाळीच्या खांद्यावरचा सांधा फुटला. साहेबांच्या पांढऱ्या पँटवर गाळ उडालाच, पण ते जाऊ द्या. तिथंच नवीन चर खणलेला होता, सगळा लोंढा त्यात गेला आणि बघता बघता पाळीचा दहा-बारा हात खांदा खचून खाली बसला. कुणाला इजा झाली नाही. पण पावसाळ्याआधी तो दुरुस्त होणं शक्य नव्हतं. तलाव त्या वर्षी अर्धाच भरावा लागला, आणि खालच्या गावानं रब्बीला पाणी नाही म्हणून आमच्या नावानं बोटं मोडली. आमच्या म्हणजे तुमच्याही.

दुपारी डाकबंगल्याच्या ओसरीत बसून मी अहवाल लिहिला, इंग्रजीत. साहेब समोरच पान खात होते. नळाचा व्यास मी लिहिला, पण तो का निवडला ते लिहिलं नाही. काम किती वेळ थांबलं आणि कुणासाठी, ते लिहिलं नाही. एक वाक्य लिहिलं. मिस्त्रीने गाळ ठरलेल्या प्रमाणापेक्षा दाट कालवल्यामुळे नळ तुंबला. साहेबांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, त्याचीही सही घ्या.

तुम्ही हात धुऊन आला होतात. कागदाकडं पाहून विचारलंत, "काय लिवलंय साहेब?"

मी म्हणालो, "झालं ते लिहिलंय."

तुम्ही टाक घेतलात आणि उजवीकडून डावीकडं, उर्दूत, तुमचं दस्तखत केलंत. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातलीत. ती फुंकर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्याच सुमारास जुन्या हैदराबाद राज्यातल्या माणसांच्या याद्या पक्क्या होत होत्या. कोण कुठल्या हुद्द्यावर राहणार ते ठरत होतं. अहवालाच्या आधारानं तुमचं नाव मिस्त्रींच्या यादीतून निघालं आणि रोजंदारीच्या हजेरीपटावर चढलं. तुम्ही कुणाकडं गेला नाहीत, अर्ज केला नाहीत. फावडं घेऊन त्याच पाळीवर कामाला आलात. पहिल्या सकाळी कारकुनानं नाव पुकारलं, "लिंबाजी, बिगारी." तुम्ही म्हणालात, "हाजीर." मी पाच हातांवर उभा होतो. बुटाच्या नाडीशी काहीतरी करायला मी खाली वाकलो.

आता तुम्हाला एक सांगतो, जे मी सुमतीलाही पुरतं सांगितलं नाही. त्या पावसाळ्यात मी घराच्या पडवीत तुमचं म्हणणं तपासून पाहिलं. ओळखीच्या एका मास्तरांकडून काचेच्या दोन नळ्या आणल्या आणि एका आडव्या नळावर हातभर अंतरानं उभ्या बसवल्या. नळातला दाब जेवढा, तेवढा त्यांच्यात द्रव वर चढतो, म्हणजे दोन नळ्यांतला फरक पाहिला की वाटेत किती दाब गेला ते दिसतं. पाणी सोडलं. पहिल्या नळीत जास्त, दुसरीत कमी. कॉक आवळत गेलो तसा फरक कमी कमी होत गेला, आणि पाणी थांबलं तेव्हा दोन्ही नळ्या एका रेषेत आल्या. अगदी पुस्तकासारखं.

मग गाळ. वाहताना फरक पडलाच. कॉक आणखी उघडून वेग दुप्पट केला, तर फरक जेमतेम वाढला. तिथं माझा तक्ता पहिल्यांदा चुकला. मग कॉक हळूहळू आवळत गाळ थांबवला. तो थांबला, आणि नळ्या एका रेषेत आल्याच नाहीत. पहिलीत वर आणि दुसरीत खाली, तसाच तिरका उभा राहिला. वाहत काहीच नव्हतं, तरी दाब वाटेत खर्च होतच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच गाळ हलवायला पिंप जवळजवळ दुप्पट उंच धरावं लागलं. संथ वाहणाऱ्या पाण्याला घट जवळजवळ नसते, आणि मी त्या नसण्याची चौपट करून तुमच्या गाळापुढं ठेवली होती. गाळाला वेगाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याला आधी उठायलाच ठरावीक जोर हवा होता आणि नळ निम्म्यानं बारीक केला की तो जोर दुपटीनं लागतो. पपईच्या दोन देठांत तुम्ही हेच दाखवलं होतं.

ते यंत्र तुम्हाला मी दाखवलं होतं, आठवतं? रविवारी बाजार करून आलात आणि पायरीवर बसलात. हजेरीपटावर बिगारी झाल्यावरही तुम्ही यायचं सोडलं नव्हतंत. मी म्हणालो, या, गंमत दाखवतो. तुम्ही नळ्यांपुढं उकिडवे बसलात, बराच वेळ पाहिलंत आणि बोटानं काच दाखवून म्हणालात, "थांबलाय, पर सारखा न्हाई झाला."

मी म्हणालो, "हो ना. गंमतच आहे."

तुम्ही मान वर करून माझ्याकडं पाहिलंत. रागानं नाही. कुणी बोलायला तोंड उघडलं असेल तर आपण जसे थांबतो, तसे तुम्ही थांबला होतात. मला एकच वाक्य म्हणायचं होतं. मिस्त्री, तुमचं बरोबर होतं आणि मी खोटं लिहिलं. जिभेवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. मी म्हणालो, यंदा पाऊस लांबला बघा. तुम्ही म्हणालात, "लांबलाय खरा."

त्यानंतर मी कचेरीला पत्र लिहायला बसलो. तीनदा लिहिलं. एकदा डेप्युटी साहेबांची बदली होऊ दे म्हणून थांबलो. एकदा माझ्या बढतीचे कागद वर गेले होते म्हणून. तिसऱ्यांदा कशासाठी थांबलो ते आठवतच नाही, नुसताच थांबलो. आणि जितका थांबलो तितकं ते जड होत गेलं. सुमती मधूनमधून विचारायची, "बोललात का त्यांच्याशी?" मी तिच्यावर खेकसायचो. पुढं तिनंही विचारणं सोडलं, फक्त तुमच्या चहात साखर जास्त घालायला लागली.

यंदा शिमग्याच्या आधी तुमचा दमा वाढल्याचं कळलं. सोमवारी येतो असा निरोप मी पाठवला. सोमवारी पाथरीला तपासणी निघाली. मग पुढच्या सोमवारी म्हटलं. त्या सोमवारी झरीहून आलेल्या माणसानं सांगितलं की शनिवारीच सगळं आटोपलं.

मी तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी गेलो. तुमच्या लेकीनं, द्वारकानं, घोंगडी टाकली. ती रडत नव्हती. मी काहीबाही बोलत होतो, तुमचा हात किती चांगला होता, तुमच्यासारखा मिस्त्री होणं नाही वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग उठून पत्र्याच्या पेटीतून एक घडी घातलेला कागद आणला आणि माझ्यापुढं ठेवला. मी लिहिलेलं वाक्य, शब्द न् शब्द टाइप होऊन आलेलं, तुम्हाला यादीतून काढल्याच्या हुकुमाबरोबरची नक्कल.

हुकूम आला त्याच आठवड्यात तुम्ही शाळेतल्या मास्तरांकडून तो वाचून घेतला होता, असं ती म्हणाली. दोन वर्षं, मिस्त्री! म्हणजे पायरीवर बसून चहा पीत होतात तेव्हा, काचेच्या नळ्यांपुढं उकिडवे बसला होतात तेव्हा, सगळं तुम्हाला माहीत होतं.

मी द्वारकाला विचारलं, मग मला कधी बोलले कसे नाहीत?

ती म्हणाली, "मी बी हेच म्हनले. बा म्हनले, साहेबाला ठावं हाय. आपून इचारलं आन् मग ते बोलले, तर ते बोलनं कशाचं? ज्याचं त्यानं सांगावं." मग कागदाची घडी घालत म्हणाली, "दर ऐतवारी बाजारातनं आले का मी इचारायची, बोलले का साहेब? बा म्हनायचे, न्हाई. आज बी पावसाचंच बोलले."

मी घरी कसा आलो ते सांगता येत नाही. सायकल हातात धरून चाललो एवढं आठवतं. लोकांना वाटलं असेल पंक्चर झाली.

पत्र त्याच दिवशी पाठवलं. पोचल्याची पावती आली आहे, पुढचं काय ते येईल तेव्हा येईल, माझ्यावर यायचं ते येईल. पण तुम्ही कचेरीच्या उत्तराची वाट पाहत नव्हतात, हे आता मला कळतंय. म्हणून आज सकाळी मी पाळीवर गेलो.

तीच पाळी, तेच काम, यंदा पुन्हा सुरू केलंय. नळ दोन इंची आहेत. गाळ सुरू झाल्यावर कारकुनानं हजेरी घेतली, नाव काढायचं राहिलं होतं म्हणून पुकारत पुकारत तो तुमच्यापर्यंत आला, "लिंबाजी, बिगारी," आणि जीभ चावून थांबला. मी म्हणालो, मिस्त्री लिहा. तो म्हणाला, साहेब, ते तर वारले. मी म्हणालो, तरी लिहा, आणि सगळ्यांना हाक मारली. काम सोडून माणसं गोळा झाली. मी बोलायला लागलो. नळ कुणी निवडला, कॉक कुणी बंद केला, अहवालात काय लिहिलं, सही कशी घेतली. कुणाच्याच तोंडावर नवल दिसेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळ्यांना केव्हापासून ठाऊक आहे.

तुमच्याबरोबर पहिल्यापासून असलेला तुकाराम मागून पुढं आला. पागोटं सारखं करत, अदबीनं म्हणाला, "साहेब, बोलनं मागून. गाळ बसायलाय."

मी वर पाहिलं. मचाणावर कुणी नव्हतं, पिंपातलं लाकूड तसंच उभं होतं, आणि मी पुन्हा सगळ्यांना माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. माणसं पळाली. मोगरी तुमची नेहमीच्या जागी, नळाच्या पहिल्या सांध्याशी ठेवलेली होती, ती कुणी उचलली नव्हती. मी उचलली. तुम्ही ठोकायचात तसं हलकं ठोकता येईना, तुकारामनं दोनदा सांगितलं, "येवढ्या जोरानं न्हाई." या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, पुन्हा आलो. दोन इंची नळ, आणि थांबला होता तो थोडाच वेळ, म्हणून हलला. दुपारपर्यंत पिंप खाली गेलं. तळाशी वीतभर गाळ उरला, तो आपसूक येत नाही, तुम्ही हातानं काढायचात. मी बाह्या सारून आत वाकलो आणि काढला. हात वर करून पाहिलं तर नखांचा नुसता उठाव दिसत होता.

उद्या रविवार. बाजार झाला की मी झरीला जाणार आहे, द्वारका पायरीवर बसू देईल तेवढा वेळ बसणार आहे. ती विचारेल, बोललात का? तिला काय सांगायचं ते ठरलंय. आज पावसाचं काही बोललो नाही, मिस्त्री.